बिनभाड्याचे कूळ

कर्जत, नेरळ, खोपोली आणि खालापूर या घाटपायथ्याच्या गावांतून रस्त्याच्या कडेला ज्या मोटारी दिवसभर उभ्या असतात, त्यांच्या जागांपैकी मोजक्या काही मोकळ्या करून तेथे सावली, पिण्याचे पाणी आणि दोन-चार बाके यांनी युक्त असे छोटे कट्टे करावेत, अशी सूचना कोणी केली की ती पुरती ऐकून घेण्याच्या आधीच तिच्यावर आक्षेपांचा भडिमार सुरू होतो. हे परदेशी खूळ आहे; याने व्यापार बुडेल; शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांनी गाड्या कोठे लावाव्यात; कट्टा झाला की तेथे रिकामटेकड्यांचा अड्डा ठरलेलाच; आणि जिला गटारे धड साफ ठेवता येत नाहीत त्या नगरपरिषदेने असल्या चैनीत पैसा का घालावा, हा पूर्वपक्ष आता इतका रूढ झाला आहे की त्याची फेरतपासणी करण्याची निकड कोणालाच भासत नाही. आम्हांला ती भासते. या आक्षेपांपैकी काहींत तथ्यांश आहे आणि तो आम्ही जेथल्या तेथे मान्य करू. पण त्या सर्वांच्या मुळाशी जे एक गृहीत दडलेले आहे, म्हणजे रस्त्याची कड ही स्वभावतःच मोटारीची असून माणसाने ती मागणे हीच आगळीक होय, ते गृहीत कायद्याने, इतिहासाने आणि साध्या न्यायबुद्धीनेही टिकणारे नाही, हे दाखविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम मालकीचा प्रश्न घेऊ. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये गावातील सार्वजनिक रस्ते नगरपरिषदेच्या ठायी निहित असतात, म्हणजे ती जनतेच्या वतीने त्यांची विश्वस्त असते. आणि वाहने कोठे उभी करावीत ते ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ११७ व्या कलमाने राज्य शासनाला, किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरता येतो. या दोहोंपैकी कोणत्याही कायद्याने मोटारमालकाला आपली गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवण्याचा हक्क बहाल केलेला नाही. आहे ती सवलत, आणि तीही नेमून दिलेल्या जागेपुरती. परंतु सवलतीची वहिवाट झाली, वहिवाटीचा कब्जा झाला, आणि कोणत्याही दप्तरात नोंद नसलेल्या या कब्जालाच आता सनदेची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे.

एका मोटारीला बांधकाम नियमावलीच्या हिशेबाने अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्याच क्षेत्रफळाचा गाळा कर्जतच्या बाजारपेठेत घेऊ पाहणाऱ्या दुकानदाराला अनामत, करारनामा, मासिक भाडे आणि नगरपरिषदेची करआकारणी या सर्वांना तोंड द्यावे लागते. आणि त्याच गाळ्यासमोर, तेवढ्याच जागेवर, सकाळच्या लोकलने मुंबईस गेलेल्या गृहस्थाची मोटार तो रात्री परत येईपर्यंत निश्चल उभी असते, तिच्याकडे मात्र कोणी एक छदामही मागत नाही. ज्या जिल्ह्यात १९३३ पासून पुढे सहा वर्षे चरीच्या शेतकऱ्यांनी खंडाच्या जाचाविरुद्ध संप चालविला, आणि १९४८ च्या कूळकायद्यानंतरही कसणाऱ्याला आपले नाव कागदावर चढविण्यासाठी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्याच जिल्ह्यात हे एक नवे कूळ निपजले आहे, जे जमीन कसत नाही, खंड भरीत नाही, सातबाऱ्यावर नाव लावीत नाही, आणि तरीही ज्याला बेदखल करण्याची भाषा कोणी काढताच अर्धे गाव त्याच्या वकिलीस उभे राहते. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने, वाहन उभे करण्याचे शुल्क त्या जागेच्या खऱ्या मोलाला साजेसे असावे, असे स्पष्ट सांगितले. पुणे महानगरपालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये त्या अनुषंगाने वाहनतळ धोरण मंजूर केले आणि पाच रस्त्यांवर ते प्रायोगिक म्हणून लागू करण्याचे ठरविले, तर ते मंजुरीच्या कागदावरून रस्त्यावर उतरलेच नाही. एवढ्या मोठ्या महानगरपालिकेला जे कूळ हलविता आले नाही, ते कर्जतच्या नगरसेवकांना भारी वाटावे यात नवल नाही. पण भारी वाटणे आणि न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे न्यायाचा एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या आक्षेपकांनी अद्याप दिलेले नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला, आणि त्याच निकालात असेही बजावले की पदपथासारख्या सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जागेवर खाजगी कारणासाठी अतिक्रमण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या निकालाचा दुसरा भाग आमच्या स्थानिक प्रशासनाला मुखोद्गत असल्यासारखा दिसतो, कारण पावसाळ्यात माळावरची कर्टुली, टाकळा, शेवळी घेऊन उतरलेली कातकरी किंवा ठाकर बाई स्टेशनच्या वाटेवर पाटी मांडून बसली की अतिक्रमणाची गाडी येण्यास वेळ लागत नाही. तिची पाटी फार तर एक चौरस मीटर जागा घेते, ती संध्याकाळी उठते, आणि त्या जागेवर तिच्या घराची चूल अवलंबून असते. शेजारची मोटार साडेबारा चौरस मीटर घेते, ती उठत नाही, आणि त्या जागेवर कोणाचीही चूल अवलंबून नसते. तरी अतिक्रमण ठरते ते पाटीचे. उपजीविकेसाठी रस्ता वापरणाऱ्याला जर न्यायालय सांगते की ही जागा खाजगी कारणासाठी नाही, तर केवळ सोयीसाठी ती वापरणाऱ्याला कोणत्या तत्त्वाने सूट मिळते? आणि १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सुरक्षित, निर्वेध पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचाच भाग असल्याचे सांगितल्यानंतर तर, पादचाऱ्याला गटाराच्या काठाने आणि मोटारीच्या आरशांमधून अंग चोरीत चालावयास लावणारी व्यवस्था ही नुसती गैरसोय न राहता घटनाभंगाच्या जवळ जाते.

आता परकीयत्वाचा आक्षेप. आक्षेपकांना ठाऊक असलेली हकीकत अशी की, २००५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को शहरी रीबार नावाच्या कलावंतमंडळींनी रस्त्यावरील वाहनजागेच्या मीटरमध्ये नाणी टाकली, त्या भाड्याच्या दोन तासांपुरती तेथे हिरवळ अंथरली, एक बाक आणि एक झाड ठेवले, आणि मुदत संपताच सारे आवरून नेले. पुढे २०१० पासून त्या शहरानेच अशा जागांना रीतसर परवाने देण्यास प्रारंभ केला आणि 'पार्कलेट' हे नाव जगभर झाले. हकीकत खरी आहे, पण तिच्यातील आमच्या उपयोगाची वस्तू हिरवळ नसून मीटर आहे. तेथे मोटारवाल्याला तासाचे भाडे मोजावे लागत होते, म्हणूनच तेच भाडे मोजून माणसालाही ती जागा मागता आली. आमच्याकडे मोटारीचे सारेच फुकट, आणि म्हणून माणसाची मागणी तेवढी चैन ठरते. बाहेरच्या देशांचेच दाखले हवे असतील तर जपानचाही घ्यावा, जेथे १९६२ च्या कायद्यानुसार मोटार घेणाऱ्याला ती ठेवण्याची स्वतःची जागा आधी सिद्ध करावी लागते. आपल्या राज्याच्या परिवहन खात्यानेही २०२५ साली वाहननोंदणीपूर्वी असाच दाखला मागण्याचा विचार बोलून दाखविला, म्हणजे आम्ही काही अघटित मागत आहोत असे नाही.

आणि वस्तूचे स्वदेशीपणच तपासावयाचे, तर ते याच मुलखात तपासावे. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणविसांनी देऊळ आणि दगडी तलाव बांधविला. घाट चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर वाटसरूला पाणी आणि विसावा मिळण्याचे ते ठिकाण होते, आणि असा विसावा पुरविणे हे राज्यकारभाराचे अंग होय याविषयी पेशवाईच्या त्या मुत्सद्द्याला शंका नव्हती. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत येऊन थांबली, आणि १८६३ साली घाटातील लोहमार्ग खुला होईपर्यंत पुण्याकडील उतारूंना तेथे उतरून घाट वर चढावा लागे. पुढे लोहमार्ग झाला तरी घाट चढण्यास जादा इंजिन जोडण्यासाठी गाड्या कर्जतला थांबत राहिल्या, आणि थांबलेल्या माणसाला भूक लागते या सनातन सत्यावर कर्जतच्या वड्याची आणि दिवाडकरांच्या नावाची कीर्ती उभी राहिली. तात्पर्य, माणसाला थांबण्यास जागा देणे हा कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा जुना धर्म आहे. तलाव, धर्मशाळा, वडाचा पार आणि पाणपोई ही त्या धर्माची वेगवेगळी रूपे. रस्त्याची कड एकेकट्या माणसाच्या रिकाम्या वाहनाला दिवसभर आंदण देणे, हीच खरी अलीकडची आणि बाहेरून आलेली रीत आहे.

कर्जतच्या वड्याच्या त्याच इतिहासात व्यापाराच्या आक्षेपाचेही उत्तर आहे. गिऱ्हाईक गाडीतून दुकानाच्या दारात उतरले पाहिजे, अन्यथा ते दुसरीकडे जाईल, असे व्यापारी बंधू मनापासून मानतात, आणि त्यांच्या भीतीची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यांनी आपल्याच दुकानासमोर एक दिवस लक्ष ठेवून पाहावे की तेथे उभ्या असलेल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या किती, स्वतःच्या आणि आपल्या नोकरमाणसांच्या किती, आणि लोकलने गेलेल्या चाकरमान्यांच्या किती. कर्जतच्या बाजारपेठेचे मुख्य गिऱ्हाईक आजही कशेळे, कडाव या बाजूंच्या गावांतून आणि वाड्यापाड्यांतून एस. टी.ने किंवा भाड्याच्या रिक्षाने येते, बी-बियाणे, ताडपत्री, औषध, कापड घेते, आणि परतीचे वाहन मिळेपर्यंत पिशव्या पायाशी ठेवून उभे राहते. या गिऱ्हाइकाला बाजारात बसण्यास एक फळीसुद्धा नाही. ते अर्धा तास बसू शकले तर आणखी चार जिन्नस घेईल, चहा घेईल, मुलाला काही खाऊ घेईल; उभे राहून कंटाळले की पहिल्या रिक्षेत बसून निघून जाईल. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर वाहनांना बंद करून तेथे पादचारी दिन पाळला, आणि पुढेही तो पाळला जात आहे. एका दिवसाच्या अनुभवावरून वर्षाच्या उलाढालीचा निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून, बाके मांडून आणि वाहनांसाठी मोजक्याच जागा आखून जी पुनर्रचना झाली ती एका दिवसाची नव्हे, आणि त्या रस्त्यावरील पेढ्यांना त्यामुळे टाळे लागले असे आमच्या ऐकिवात नाही.

पर्यटकांच्या गाड्यांचा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. द्रुतगती मार्गाने खालापूरच्या टोलनाक्यावरून आणि चौकच्या रस्त्याने शनिवारी सकाळी जो ओघ उतरतो, तो धबधबे, शेतघरे आणि महडचा वरदविनायक यांकडे पांगतो, आणि त्या दोन दिवसांत कर्जतच्या चार फाट्यावर आणि खोपोलीच्या शिळफाट्यावर स्थानिक माणसाला रस्ता ओलांडणे दुरापास्त होते. यावर आक्षेपक म्हणतात की अशा वेळी गाड्यांना अधिक जागा हवी. आम्ही म्हणतो की अशा वेळी गाड्यांना गावाबाहेर जागा हवी, आणि या म्हणण्याचा पुरावा कर्जत तालुक्यातच, अडीच हजार फूट उंचीवर, दीडशेहून अधिक वर्षे उभा आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली माथेरान उजेडात आणले, १९०७ साली नेरळहून तेथे छोटी रेल्वे गेली, आणि आजतागायत त्या गावाच्या पेठेत खाजगी मोटारीला प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवावी लागते, ठेवण्याचे पैसे द्यावे लागतात, आणि पुढचा रस्ता पायी, घोड्यावर किंवा अन्य साधनाने काटावा लागतो. इतके निर्बंध असूनही गिऱ्हाईक येत नाही म्हणून माथेरानचे दुकानदार हवालदिल झाले आहेत काय? जो पर्यटक माथेरानला जाण्यासाठी दस्तुरीपासून तांबड्या मातीतून चालतो, तोच कर्जतच्या वेशीवर गाडी ठेवून दहा मिनिटे चालणार नाही, असे समजण्यात त्याच्याविषयीचे अज्ञान आहे, किंवा आपल्या गावाविषयीची अनास्था.

तथापि माथेरानचा दाखला देणाऱ्याने त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तो अर्धसत्याचा व्यापार होईल. मोटारींवाचून ते गाव इतकी वर्षे चालले ते पुष्कळ अंशी माणसांच्या खांद्यांवर आणि तळव्यांवर. चढावर हातरिक्षा ओढणारा श्रमिक हा त्या निसर्गरम्य शांततेचा अव्यक्त करदाता होता. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या श्रमिकांना ई-रिक्षांद्वारे पुनर्वसित करण्याचा आदेश दिला, तेव्हा स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी एक लाज झाकली गेली. यातून आम्ही जो धडा घेतो तो कट्ट्यांच्या समर्थकांनाही उद्देशून आहे: रस्त्यावरून काय हटविले एवढे सांगून भागत नाही, त्याची किंमत कोणी मोजली तेही सांगावे लागते. कर्जतला मोटारीची जागा काढून कट्टा करावा, आणि कट्ट्याच्या शोभेला बाध येतो म्हणून शेजारच्या भाजीवालीची पाटी उठवावी, तर तो सुधार न होता सुधाराच्या नावाखाली केलेली हद्दपारी होईल. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण आणि त्यांचे प्रतिनिधी असलेली समिती बंधनकारक केली आहे. त्या समितीच्या संमतीवाचून एकही कट्टा होऊ नये, आणि प्रत्येक कट्ट्याच्या आराखड्यात पाटी मांडण्याची जागा आधी आखली जावी, बाके नंतर. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांच्या कट्ट्याला आमचाही विरोध राहील.

रिकामटेकड्यांच्या अड्ड्याचा आक्षेप ऐकताना एक गंमत ध्यानात येते. दिवसाचे बारा तास एका जागी स्तब्ध उभी राहणारी मोटार आमच्या आक्षेपकांना रिकामटेकडी वाटत नाही. निवृत्तिवेतन काढण्यास बँकेत आलेला आणि पाय दुखतात म्हणून घटकाभर टेकलेला म्हातारा मात्र वाटतो. तरीही दारू, जुगार आणि रात्रीची टवाळखोरी यांची भीती अस्थानी नाही, विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने. ज्या जागेवर पुरुषांचा घोळका ठाण मांडतो ती जागा बायकांना आपोआप बंद होते, हे सांगण्यास कोणा समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. पण या भीतीवरचा उपाय ओसाडीत नाही, वर्दळीत आहे. मुंबईत माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखालची जागा बेकायदा उभ्या वाहनांनी आणि कचऱ्याने भरली होती. तेथील नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २०१६ साली महानगरपालिकेने तेथे नानालाल मेहता उद्यान केले. ज्या अंधाऱ्या जागेला लोक टाळीत, तेथे आता सकाळ-संध्याकाळ म्हातारी माणसे आणि बायका फेऱ्या घालतात. दिवा, रस्त्यावरून आणि दुकानांतून आरपार दिसणारी उघडी बाजू, आणि शेजारच्या दुकानदारावर सोपविलेली देखरेख, इतकी तजवीज केली तर साडेबारा चौरस मीटरच्या कट्ट्यात अड्डा जमविणे सोपे राहत नाही. उलट ओळीने उभ्या असलेल्या मोटारींच्या आडोशाला रात्री काय चालते, याचा शोध आक्षेपकांनी सवडीने घ्यावा.

शेवटचा आक्षेप द्रव्याचा आणि प्राधान्याचा. आधी गटारे, आधी पाणी, मग कट्टे, हा क्रम ऐकावयास बिनतोड वाटतो. परंतु तो मांडणारे लोक त्याच रस्त्यावर मोटारींना फुकट जागा देताना हा क्रम स्मरत नाहीत. त्या जागेचे भाडे सोडून देणे हाही खर्चच आहे, फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही. त्या भाड्याची आकारणी सुरू झाली तर कट्ट्यांचा खर्च त्यातून निघून गटारांसाठीही काही उरेल. आणि पावसाचे म्हणाल, तर उल्हासच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाऊस म्हणजे काय ते शिकविण्याचे कारण नाही. २००५ आणि २०२१ च्या जुलैमधील पूर ज्याने पाहिले तो रस्त्याकडेची नाली बुजवून त्यावर चौथरा बांधण्याचे स्वप्नातही सुचविणार नाही. म्हणून कट्टा सुटा, उचलता येण्यासारखा आणि नालीवरून पाणी निर्वेध वाहू देणारा असावा, त्यावर पत्र्याचे किंवा कौलाचे छप्पर असावे, कारण आमच्याकडे वैशाखातले चाळिशीपलीकडचे ऊन आणि आषाढातली झड हे दोन्ही बसणाऱ्याचे वैरी आहेत. सान फ्रान्सिस्कोची हिरवळ येथे जूनच्या पहिल्या आठवड्यात वाहून जाईल. कौलाखालचा बाकडा राहील.

इथपर्यंत आम्ही विरोधकांना उत्तर दिले. आता समर्थकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण या कल्पनेचा घात शत्रूंपेक्षा मित्रांच्या हातून होण्याचा संभव अधिक आहे. सुशोभीकरण नावाच्या शीर्षाखाली आमच्या गावागावांतून जे उभे राहते, ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे: गावाच्या नावाची रंगीत इंग्रजी अक्षरे, त्यांच्यापुढे फोटो काढण्यासाठी मोकळी सोडलेली जागा, भोवती साखळी, आणि लोकप्रतिनिधीच्या छबीचा फलक; बसण्यास मात्र काही नाही, कारण बसलेला माणूस फोटोत येतो. त्याचप्रमाणे एखाद्या उपाहारगृहाने आपल्या दारासमोरचा कट्टा प्रायोजित करावा, आणि महिन्याभराने तेथे त्याच्या टेबलखुर्च्या आणि त्याचेच गिऱ्हाईक असावे, हाही अनुभव दूरचा नाही. सार्वजनिक जागा मोटारमालकाच्या हातून सोडवून हॉटेलमालकाच्या किंवा नगरसेवकाच्या हाती देणे, एवढीच जर या खटाटोपाची फलश्रुती असेल, तर पहिल्या कब्जात निदान ढोंग नव्हते. कट्ट्यावर काही विकत न घेता कोणालाही बसता आले पाहिजे, आणि त्यावर नगरपरिषदेच्या नावाखेरीज कोणाचेही नाव असता कामा नये. या दोन अटी मोडणारा कट्टा त्याच दिवशी उचलण्यात यावा.

मागणी मोठी नाही. कर्जत आणि खोपोलीच्या नगरपरिषदांनी, खालापूरच्या नगरपंचायतीने आणि नेरळच्या ग्रामपंचायतीने आपापल्या बाजारपेठेतील रस्त्याकडेच्या वाहनजागांची प्रथम मोजणी करावी आणि तिचे रजिस्टर ठेवावे. वाहतूक पोलिसांशी विचारविनिमय करून कोठे वाहन उभे राहील आणि कोठे राहणार नाही ते आखून जाहीर करावे. राहील तेथे तासाचे शुल्क घ्यावे. पर्यटकांच्या गाड्यांसाठी वेशीवर वाहनतळ नेमावा. आणि स्टेशन, एस. टी. स्थानक, दवाखाना व बाजार यांच्या निकटच्या थोड्या जागांवर, फेरीवाला समितीच्या संमतीने, सुटे कट्टे मांडून एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांचा अनुभव घ्यावा. त्या मुदतीत व्यापाऱ्यांनी आपली उलाढाल नोंदवावी, आम्ही कट्ट्यावर बसणाऱ्यांची गणती करू, आणि दोन्ही कागद सर्वसाधारण सभेपुढे ठेवले जावेत. आक्षेपकांचे म्हणणे खरे ठरले तर कट्टे उचलण्यास एक दिवस पुरेल आणि आम्ही ते उचलू लागू. पण ही परीक्षाच होऊ नये, असे जर कोणी म्हणत असेल, तर त्याला व्यापाराची, पर्यटनाची किंवा गटारांची चिंता आहे यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये. त्याला चिंता आहे ती आपल्या फुकटच्या साडेबारा चौरस मीटरांची, आणि ते त्याच्या मालकीचे नाहीत.